सिगारवरील ब्लूम आणि बुरशी

ब्लूम किंवा प्लूम ही संज्ञा दीर्घकाळ साठवलेल्या सिगारच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या पांढुरक्या, भुकटीसारख्या थरासाठी वापरली जाते. सिगार बाळगणाऱ्यांच्या परंपरेनुसार हा थर तंबाखूतील तैलद्रव्ये पृष्ठभागावर येऊन त्यांचे स्फटिक बनल्यामुळे तयार होतो. तो निर्धोक असून सिगार उत्तम मुरल्याचे लक्षण मानला जातो. याउलट बुरशी म्हणजे ओलसर हवेत तंबाखूच्या पानावर वाढणारे सजीव कवक होय. ती पान खराब करते आणि शेजारच्या सिगारवरही पसरते.

हे दोन्ही थर नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. बुरशीला ब्लूम समजले तर संपूर्ण पेटी दूषित होण्याचा संभव असतो, तर क्षाराच्या किंवा धुळीच्या थराला बुरशी समजून चांगला माल टाकून दिला जातो. जुन्या क्यूबन सिगारना लिलावात मोठी किंमत येते. त्यामुळे अशा मालावरील थर नेमका कशाचा आहे, या प्रश्नाला आर्थिक महत्त्वही आहे. ब्लूम म्हणून दाखवलेले अनेक नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे निघाल्यामुळे ही संकल्पनाच वादग्रस्त ठरली आहे.

संज्ञा

इंग्रजीत ब्लूम हा शब्द फळांच्या सालीवरील पांढुरक्या, मेणचट थरासाठी रूढ आहे. द्राक्षे व आलुबुखार यांच्यावर असा थर नैसर्गिकपणे असतो. चॉकलेटवर येणाऱ्या करड्या-पांढऱ्या थरालाही ब्लूमच म्हणतात. तो कोकोतील स्निग्धांशाच्या किंवा साखरेच्या स्फटिकांमुळे येतो. सिगारच्या संदर्भात ब्लूम आणि प्लूम हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात.

मराठीत पदार्थावर आलेल्या कवकाच्या पांढऱ्या थराला बुरा किंवा बुरशी म्हणतात. द्राक्षबागायतदार मण्यावरील नैसर्गिक मेणचट थर आणि भुरी हा कवकजन्य रोग यांत फरक करतात. सिगारच्या बाबतीत करावयाचा भेदही याच प्रकारचा आहे. मात्र द्राक्षावरील मेणाची रासायनिक घडण निश्चितपणे ज्ञात आहे, तर सिगारवरील ब्लूमची रासायनिक ओळख सर्वमान्य झालेली नाही.

सिगारची रचना आणि मुरवण

हाताने वळलेल्या सिगारचे तीन भाग असतात. आतील गाभा अनेक पानांच्या भरणाचा असतो. त्याला आकार देण्यासाठी एक बंधनपान गुंडाळतात आणि सर्वांत बाहेर तुकतुकीत वेष्टनपान असते. ब्लूम किंवा बुरशी प्रथम या वेष्टनपानावर दिसते.

सिगारची पाने काढणीनंतर कोठारात टांगून हवेवर वाळवतात. त्यानंतर त्यांचे ढीग रचून किण्वन घडवून आणतात. या क्रियेत ढिगाचे तापमान वाढते, अमोनिया बाहेर पडतो आणि पानांचा उग्रपणा कमी होतो. तयार सिगारही पुढे महिनोन् महिने, प्रसंगी अनेक वर्षे, नियंत्रित आर्द्रतेत ठेवले जातात. या काळात चव सौम्य व एकजीव होते, असे मानले जाते. सिगार कोरडा पडला तर वेष्टनपान तडकते आणि सुगंधी द्रव्ये उडून जातात. म्हणून सिगारला सतत काही प्रमाणात ओलावा लागतो. नेमकी हीच गरज बुरशीलाही असते. सिगारच्या साठवणीतील मूळ अडचण ती हीच.

ब्लूमची पारंपरिक कल्पना

परंपरेने ब्लूमचे वर्णन असे केले जाते: थर पांढरा किंवा फिका करडा असतो, तो संपूर्ण पृष्ठभागावर समान पसरलेला असतो, जवळून पाहिल्यास बारीक कण चमकतात, मऊ ब्रशने झटकल्यास तो सहज निघतो आणि मागे डाग राहत नाही. हा थर येण्यास बरीच वर्षे लागतात, असेही सांगितले जाते.

तंबाखूच्या पानात स्फटिक बनवू शकणारे पदार्थ असतात, ही बाब खरी आहे. या पानांत खनिज क्षारांचे प्रमाण बरेच असते. म्हणूनच सिगारची राख भरपूर पडते. पोटॅशियम व कॅल्शियमचे क्षार, नायट्रेटे तसेच मॅलिक, सिट्रिक व ऑक्झॅलिक ही सेंद्रिय आम्ले पानात आढळतात. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे वाळूसारखे सूक्ष्म स्फटिक तर तंबाखूच्या पेशींमध्ये मुळातच असतात. पानात ओलावा वाढून पुन्हा कमी होत राहिला, तर विरघळलेले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे सरकतात आणि पाणी उडून गेल्यावर तेथेच उरतात. जुन्या भिंतीला लोणा लागतो तो याच क्रियेने.

तेलांचे स्फटिक बनतात, हे प्रचलित स्पष्टीकरण मात्र तितके समाधानकारक नाही. पानावरील सूक्ष्म केसांतून स्रवणारी राळयुक्त द्रव्ये चिकट असतात. त्यांच्यामुळे वेष्टनपानाला तेलकट चमक येते, कोरडी पांढरी भुकटी नव्हे. म्हणून निर्जीव पांढरा थर आढळलाच, तर तो तेलापेक्षा क्षारांचा असण्याचा संभव अधिक ठरतो.

बुरशी का वाढते

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. शेत, कोठार, कारखाना व घर यांपैकी कोठेही ते पानावर बसू शकतात. त्यांच्या वाढीस अन्न, योग्य तापमान आणि पाणी लागते. पहिल्या दोन गोष्टी सिगारच्या पेटीत बहुधा असतातच. त्यामुळे बुरशी येणार की नाही, हे मुख्यतः ओलाव्यावर ठरते.

पदार्थातील किती पाणी सूक्ष्मजीवांना वापरता येते, हे जल-क्रियाशीलता या राशीने मोजतात. बंद पेटीत सिगार आणि हवा यांच्यात समतोल साधल्यावर हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर सिगारची जल-क्रियाशीलता ०.७० असते. ०.६० च्या खाली कोणत्याही सूक्ष्मजीवाची वाढ होत नाही, असे अन्नविज्ञानात मानले जाते. कोरड्या जागी वाढू शकणाऱ्या अ‍ॅस्परजिलस गटातील काही जाती ०.७० ते ०.७५ च्या सुमारास वाढू लागतात. पेनिसिलियमच्या बहुतेक जातींना साधारण ०.८० किंवा त्याहून अधिक मूल्य लागते.

सिगारसाठी सामान्यतः ६५ ते ७२ टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली जाते, ती या आकड्यांच्या उंबरठ्यावरच आहे. आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे काही दिवस राहिली, तर बुरशीचा धोका वेगाने वाढतो. पेटीतील सरासरी आर्द्रता योग्य असूनही एखादा कोपरा थंड असल्यास तेथील सापेक्ष आर्द्रता जास्त असते आणि दवही धरू शकते. यामुळे एकाच पेटीतील एकाच बाजूचे सिगार बुरसटलेले आढळतात.

ओळखण्याच्या खुणा

नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने पाहताना पुढील खुणा तपासल्या जातात. त्यांपैकी कोणतीही एक खूण निर्णायक नसते.

रंग: हिरवा, निळसर, पिवळा किंवा काळा रंग दिसल्यास तो बुरशीचाच मानावा. हे रंग मुख्यतः पक्व बीजाणूंचे असतात. पांढऱ्या किंवा करड्या रंगावरून मात्र काहीच ठरत नाही, कारण कोवळी बुरशीही पांढरीच असते.

पोत: बुरशी पृष्ठभागावरून वर उठलेली, लोकरीसारखी किंवा कोळिष्टकासारखी दिसते. तिरपा प्रकाश टाकल्यास तिचे तंतू स्पष्ट होतात. क्षाराचे कण टोकदार, विलग व चकाकणारे असतात.

मांडणी: बुरशी बहुधा ठिपक्यांनी सुरू होते व प्रत्येक ठिपका गोलाकार वाढत जातो. पानाच्या शिरा, दोन सिगार एकमेकांना टेकतात ती जागा आणि कागदी पट्ट्याखालचा भाग येथे ती आधी दिसते.

पेटवण्याचे टोक: या टोकाला भरणाची पाने उघडी असतात. तेथे पांढरे पुंजके दिसल्यास बुरशी आतपर्यंत गेल्याची शक्यता मोठी असते.

वास: कुबट, ओल्या तळघरासारखा वास बुरशी सुचवतो. नव्या सिगारना येणारा अमोनियाचा वास वेगळा असून तो किण्वनाशी संबंधित आहे.

पुन्हा येणे: पुसलेला थर काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्याच जागी परत आला, तर तो सजीव असल्याचा हा सबळ पुरावा ठरतो.

पुसण्याच्या चाचणीची मर्यादा

थर पुसला जाऊन डाग राहिला नाही तर तो ब्लूम, आणि डाग राहिला तर बुरशी, हा नियम विक्रेते व ग्राहक यांच्यात मोठ्या प्रमाणावर प्रचलित आहे. या नियमाचा अर्धाच भाग विश्वसनीय आहे. निळसर किंवा हिरवा डाग उरल्यास बुरशीचे निदान पक्के होते. परंतु डाग उरला नाही, म्हणून थर निर्जीव होता असे सिद्ध होत नाही.

याचे कारण बुरशीच्या वाढीच्या क्रमात आहे. बीजाणू रुजल्यावर प्रथम रंगहीन कवकतंतू पसरतात. त्यांचे जाळे दाट झाल्यावर बीजाणू धारण करणारे दांडे उभे राहतात आणि त्यानंतर रंग येतो. रंग येण्यापूर्वीची बुरशी कोरड्या कापडाने अलगद निघते व मागे दिसण्याजोगे काही राहत नाही. पानाच्या आत शिरलेले तंतू मात्र तसेच राहतात. म्हणजेच ब्लूमची म्हणून सांगितली जाणारी जवळजवळ सर्व लक्षणे कोवळ्या बुरशीलाही लागू पडतात.

सूक्ष्मदर्शकीय तपासणी

खात्रीलायक निदान सूक्ष्मदर्शकाने होते. पारदर्शक चिकटपट्टी थरावर हलकेच दाबून काचपट्टीवर लावली की साधा नमुना तयार होतो. शाळा-महाविद्यालयांतील संयुक्त सूक्ष्मदर्शकाचे १०० ते ४०० पट विवर्धन या कामास पुरेसे असते.

बुरशी असल्यास फांद्या फुटलेले लांब तंतू आणि गोल बीजाणूंच्या साखळ्या दिसतात. अ‍ॅस्परजिलसमध्ये दांड्याच्या टोकाला फुगीर डोके असते व बीजाणूंच्या साखळ्या त्यावरून निघतात. पेनिसिलियममध्ये त्यांची रचना कुंचल्यासारखी असते. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंजकाने कवकाचे भाग निळे होऊन उठून दिसतात.

स्फटिक असल्यास सपाट बाजू आणि स्पष्ट कोन असलेले कण दिसतात. ध्रुवीकृत प्रकाशात अनेक स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर उजळतात, कवकतंतू तसे उजळत नाहीत. पाण्याचा थेंब टाकल्यावर पोटॅशियम नायट्रेटसारखा क्षार विरघळतो. कॅल्शियम ऑक्झॅलेट मात्र विरघळत नाही. स्फटिक आणि कवकतंतू एकाच नमुन्यात एकत्र सापडू शकतात. त्यामुळे स्फटिक दिसले तरी तेवढ्यावरून बुरशी नसल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

गल्लत होणाऱ्या इतर खुणा

वेष्टनपानावरील प्रत्येक डाग या दोहोंपैकी एक असतोच असे नाही. पानाच्या वाळवणीत हरितद्रव्य पुरते नष्ट झाले नाही, तर हिरवट चट्टे कायम राहतात. ते पानाच्या अंगातच असून पुसले जात नाहीत. सर्कोस्पोरा या कवकामुळे शेतातील उभ्या पिकावर लहान, गोल, फिके ठिपके पडतात. त्यांना बेडूकडोळा म्हणतात. हे ठिपके वाळलेल्या पानावरही दिसतात, परंतु साठवणीत ते वाढत नाहीत.

तंबाखूची निळी बुरशी या नावाचा रोगही वेगळा आहे. पेरोनोस्पोरा टॅबॅसिना या जीवामुळे होणारा हा रोग फक्त जिवंत झाडावर वाढतो. १९७९-८० मध्ये त्याने क्यूबातील तंबाखूच्या पिकाचे प्रचंड नुकसान केले होते. पेटीतील सिगारवर येणाऱ्या निळसर बुरशीशी त्याचा संबंध नाही.

तंबाखूचा भुंगेरा, म्हणजे लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, हा कीटक सिगार पोखरतो. वेष्टनपानावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे आणि पेटीच्या तळाशी तपकिरी भुगा ही त्याची खूण होय. उबदार हवेत त्याची अंडी उबतात व वाढ झपाट्याने होते.

संकल्पनेविषयीचा वाद

ब्लूमला मान्यता मिळण्यामागे बाजाराचाही वाटा आहे. पांढरा थर हे उत्तम मुरवणीचे लक्षण मानले गेले की बुरसटलेला माल दोषपूर्ण न ठरता उलट अधिक मोलाचा ठरतो. विकणाऱ्याला हे स्पष्टीकरण सोयीचे असते. ज्याने वर्षानुवर्षे पेटी जपली, त्यालाही आपल्या संग्रहाला बुरशी लागली हे मान्य करण्यापेक्षा ते अधिक रुचते.

अलीकडच्या काळात हौशी संग्राहकांनी आपल्याजवळील कथित ब्लूमचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले व प्रयोगशाळांकडेही पाठवले. त्यांत कवकतंतू व बीजाणू आढळल्याचे निष्कर्ष वारंवार पुढे आले. त्यावरून एका पक्षाचे म्हणणे असे आहे की ब्लूम ही निव्वळ दंतकथा असून असा प्रत्येक थर बुरशीचाच असतो. दुसरा पक्ष स्फटिकांचा थर अस्तित्वात असतो, परंतु तो अत्यंत विरळ आहे, असे मानतो. तंबाखूच्या रसायनशास्त्रात स्फटिक बनण्यास बाधा नाही. मात्र त्यावरून एखाद्या विशिष्ट पेटीतील थर स्फटिकांचाच आहे, असे ठरत नाही. तपासणी होईपर्यंत थर बुरशीचा समजणे, हा दोन्ही पक्षांना मान्य होईल असा व्यवहार्य नियम आहे.

साठवण आणि प्रतिबंध

सिगार ठेवण्याच्या आर्द्रता-नियंत्रित पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. तिला आतून बहुधा स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाचे अस्तर असते. हे झाड, सेड्रेला ओडोराटा, देवदाराच्या वर्गातील नसून कडुनिंब व महोगनी यांच्या मेलिएसी कुळातील आहे. भारतातील तून हा वृक्ष त्याचा निकटचा नातलग आहे. हे लाकूड ओलावा शोषते व सोडते, त्यामुळे पेटीतील आर्द्रतेचे चढउतार सौम्य होतात.

पेटीतील आर्द्रतामापी अचूक नसेल तर बाकीची काळजी व्यर्थ जाते. त्याची पडताळणी मिठाने करता येते. लहान झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतपतच पाणी घालतात आणि आर्द्रतामाप्यासह हवाबंद पिशवीत सुमारे एक दिवस ठेवतात. मिठाच्या संपृक्त द्रावणावरील हवेची सापेक्ष आर्द्रता नेहमीच्या तापमानात सुमारे ७५ टक्के असते. मापी जितका वेगळा आकडा दाखवेल, तितकी त्याची चूक समजावी.

आर्द्रता देण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरतात, कारण नळाच्या पाण्यातील क्षार उपकरणात साचतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे समभाग मिश्रण आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास राखते आणि बुरशीच्या वाढीलाही आळा घालते. ओलावा देणारी व शोषणारी दुहेरी पाकिटेही उपलब्ध असतात. तापमान साधारणतः १६ ते २१ अंश सेल्सियस ठेवण्याची शिफारस केली जाते.

बुरशी आढळल्यास

बाधित सिगार त्वरित वेगळे काढणे ही पहिली पायरी होय. ते घरात झटकल्यास बीजाणू हवेत उडतात. पेटवण्याच्या टोकाला बुरशी असलेले, रंगीत डाग पडलेले किंवा कुबट वासाचे सिगार टाकून देणे इष्ट असते. केवळ वेष्टनपानावर पांढरे ठिपके असतील तर काही संग्राहक ते पुसून सिगार ठेवतात. परंतु पुसल्याने आतील तंतू नष्ट होत नाहीत. पेटीचे लाकूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवतात. उरलेले सिगार काही आठवडे वेगळ्या, कमी आर्द्रतेच्या डब्यात ठेवून थर पुन्हा येतो का ते पाहतात. आर्द्रता वाढण्याचे मूळ कारण दूर झाले नाही, तर स्वच्छता टिकत नाही.

भारतीय हवामानात

भारतात सिगारचा व्यवहार जुना आहे. मराठीत रूढ असलेला चिरूट हा शब्द तमिळमधील सुरुट्टु, म्हणजे गुंडाळी, या शब्दाशी जोडला जातो. तिरुचिरापल्लीचे चिरूट ब्रिटिश काळात त्रिचिनोपली या नावाने प्रसिद्ध होते. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या शेरलॉक होम्स कथेतही अशा चिरुटाच्या राखेचा उल्लेख आहे.

सिगार साठवणीविषयीचा बराचसा मजकूर समशीतोष्ण देशांतील घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो. तेथे हिवाळ्यात घरातील हवा कोरडी पडते, म्हणून पेटीला पाणी पुरवण्यावर भर दिला जातो. मुंबई, कोकण व गोवा येथे पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर राहते. चामड्याच्या चपला, पुस्तके व पापड यांना बुरशी लागते तोच हा काळ होय. या दिवसांत ओलावा काढून घेणे आवश्यक असते आणि पेटी वारंवार उघडल्यास बाहेरची दमट हवा आत शिरते. याउलट विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा अतिशय कोरडी असते व तापमान भुंगेऱ्याला पोषक ठरते. त्यामुळे एकाच राज्यात दोन टोकांची काळजी घ्यावी लागते.

आरोग्य

बुरसटलेल्या तंबाखूतून बीजाणू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकतात. दमा किंवा बुरशीची अधिहृषता असलेल्यांना त्यामुळे त्रास होतो. रक्ताचा कर्करोग, अवयवरोपण किंवा अन्य कारणाने रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत अ‍ॅस्परजिलसचा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. तंबाखूत या कवकाचे अस्तित्व आढळलेले आहे. काही जाती अफ्लाटॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार करतात. एखादी बुरशी विषारी आहे की नाही हे तिच्या रंगावरून ठरवता येत नाही. त्यामुळे पांढरी बुरशी निर्धोक व हिरवी घातक, या समजुतीला आधार नाही.

ब्लूमला निर्धोक म्हटले जाते ते बुरशीच्या तुलनेत. सिगारचे सेवन त्यामुळे निर्धोक ठरत नाही. सिगारच्या धुरात कर्करोगकारक द्रव्ये असतात आणि मुख, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. हा धूर अल्कधर्मी असल्याने तो फुप्फुसांत ओढला नाही, तरी निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतून शोषले जाते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस सिगारसह कोणताही तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे.